तेल साधंच होतं

"तेल कुठलं वापरता साहेब, शेंगदाण्याचं का खोबऱ्याचं?"

हा प्रश्न मला जितक्या लोकांनी विचारला, त्याच्या निम्म्यांनी जरी आत्म्याच्या तारणाची चौकशी केली असती, तर आमच्या प्रार्थनाघरात बसायला जागा उरली नसती. तारणाबद्दल कोणी विचारत नाही. तेलाबद्दल विचारतात. मीही उत्तर पाठ करून ठेवलं आहे : किराणा दुकानात त्या दिवशी जे स्वस्त असेल ते.

मी पाळक आहे. ख्रिस्ती मंडळीचा पाळक, म्हणजे लोक ज्याला फादर म्हणतात पण जो फादर नसतो, तो. फादर लग्न करत नाहीत. आम्ही करतो, आणि म्हणून घरात आम्हाला कोणी फारसं मानत नाही. सध्या धुळ्याला, देवपुरात असतो. निवृत्ती दारात येऊन चप्पल काढतेय. अशा वेळी या अंकाच्या संपादकांचा फोन आला की तुमच्या कामातले अनुभव लिहा, फक्त उपदेश नको. फोन ठेवल्यावर शीला, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "उपदेश नको म्हटल्यावर तुमच्याकडे उरलं काय?"

उरलं ते लिहितो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पाळकाचं काम रविवारी सकाळी दोन तास. बाकी आठवडा मजा. खरं म्हणजे रविवारची उपासना हा आमच्या कामाचा सगळ्यात सोपा भाग, कारण त्या वेळी लोकांनी गप्प बसायचं असा नियम आहे. उरलेला आठवडा लग्नं जुळवणं, मोडलेली सांधणं, मातीला जाणं, दवाखान्यात पेशंटच्या उशाशी बसणं, शाळेत दाखला मिळवून देणं आणि गायनातल्या दोन बायकांचा अबोला सोडवणं यात जातो. यांतल्या शेवटच्या कामात मला आजवर यश आलेलं नाही.

आणि प्रार्थना. कोणीही, कुठेही, कशासाठीही सांगतो, "साहेब, जरा प्रार्थना करा." रावेरकडे असताना माझ्या मंडळीत केळी पिकवणारा एकजण होता आणि केळी घेणारा एकजण. पिकवणाऱ्यानं सांगावं, साहेब, भाव चढू दे म्हणून प्रार्थना करा. घेणाऱ्यानं त्याच संध्याकाळी सांगावं, भाव उतरू दे. मी दोघांसाठी गुडघे टेकले आणि देवाला म्हटलं, तुझं तू बघ. एकदा जामनेरच्या एका भल्या माणसानं नव्या ट्रॅक्टरवर प्रार्थना करायला बोलावलं. ती झाल्यावर तो ट्रॉलीकडे बोट दाखवून म्हणाला, "हिची वेगळी करता का? ही दुसऱ्या कंपनीची आहे."

देवपुरातली कॉलेजची पोरं कधी कधी धीर करून विचारतात, "सर, तुम्हाला मोह होतात का?" त्यांच्या डोळ्यांसमोर काय असतं ते मला कळतं. माझं पोट आणि माझं टक्कल पाहून त्यांना स्वतःलाच त्या प्रश्नाचं हसू येतं. मोह होतो. पण या धंद्यातला मोठा मोह बाईचा नसतो, बाटलीचा नसतो. तो असा असतो की लोक तुमच्याकडे एका विशिष्ट नजरेनं बघायला लागतात. ती नजर खरं तर वरच्यासाठी असते. तुम्ही मध्ये उभे असता, म्हणून तुमच्यावर पडते. आणि तुम्हाला ती आवडते.

मला ती आवडली होती. त्याची ही गोष्ट.

तेव्हा मी रावेरच्या आतल्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावी होतो. मंडळीत बहुतेक केळीच्या कामावरचे मजूर, दोन शिक्षक, एक नर्स. प्रार्थनाघरावर पत्रे होते. म्हणजे उन्हाळी वादळात अर्धे उडाले होते आणि उरलेले उडण्याच्या विचारात होते. पावसात मी उपदेश करायचो तेव्हा लोक जागा बदलत राहायचे, त्यामुळे झोपत कोणी नसे.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना त्याच्या कपाळाला तेलाचं बोट लावायची आमच्यात जुनी रीत आहे. तेल औषध नव्हे. त्यात काही घातलेलं नसतं. बाटली साधी, तेल साधं, बोट तर त्याहून साधं. त्या गावात एका शेतकरी पाटलांच्या घरची आजी गुडघ्यानं घाईला आली होती. ते ख्रिस्ती नव्हते, पण दुखणं आलं की माणूस धर्म विचारत नाही, पत्ता विचारतो. नातू तिला जीपमध्ये घालून घेऊन आला. मी प्रार्थना केली, कपाळाला बोट लावलं. पंधरवड्यात आजी काठी टेकत मळ्यात गेली. मध्यंतरी जळगावच्या डॉक्टरनं तिच्या गुडघ्यात इंजेक्शन दिलं होतं, पण त्याचं नाव कोणी काढलं नाही. डॉक्टर जळगावला राहत होता, मी गावात राहत होतो. श्रेय जवळच्याला मिळतं.

शुक्रवार हा आमचा आजाऱ्यांच्या प्रार्थनेचा वार. पुढच्या शुक्रवारी दारात पाच-सहा माणसं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी व्हरांडा भरला. माणसं प्रार्थनेचं तेल घरी न्यायला बाटल्या घेऊन यायला लागली : पाण्याच्या, सरबताच्या, एकानं तर कीटकनाशकाचा डबा धुऊन आणला होता, तो मी परत पाठवला. सायमन नाना खूश झाले. नाना म्हणजे आमच्या मंडळीचे वडील, म्हणजे पंचांतले थोरले. केळीच्या गाड्या भरून द्यायचं काम करायचे आणि मंडळीलाही त्याच हिशोबानं चालवायचे.

"साहेब, नंबर लावावा लागंल," ते म्हणाले. "चिठ्ठ्या देतो मी. नाहीतर मागचा पुढं घुसतो."

"नाना, हा दवाखाना आहे का?"

"दवाखान्यात एवढी गर्दी नसते."

मी नको म्हटलं. पण नको म्हणताना मला बरं वाटत होतं, हे मला कळत होतं. माझा आवाज बदलला. आधीच जरा खर्जातला, तो आणखी खाली गेला. चालणं सावकाश झालं. कोणी पाया पडायला वाकलं की मी "अहो, नको, नको" म्हणायचो, पण पाय काही मागे घ्यायचो नाही. शीला एके दिवशी म्हणाली, "निदान कोथिंबीर आणायला सांगता तेव्हा तरी नेहमीच्या आवाजात सांगत जा."

याच दिवसांत मी रोज पहाटे उठून गुडघ्यावर यायचो आणि देवाला म्हणायचो, मला मोहात पडू देऊ नकोस. अगदी मनापासून. आणि त्याच प्रार्थनेच्या मध्येच माझ्या मनात यायचं, या शुक्रवारी सतरंज्या पुरतील का? देवाला हे ऐकू येत असणार. तो काही बोलला नाही. त्याची ही सवय मला माहीत आहे.

आमच्यात हंगामाचा सण असतो. नवं पीक निघालं की पहिला वाटा लोक प्रार्थनाघरात आणून ठेवतात. आमच्याकडे केळीचे घड, भरताची वांगी, मक्याची कणसं, डोंगरातून आलेला डिंक, चारोळी, आणि पाय बांधलेल्या दोन-तीन कोंबड्या, ज्या उपासनेत माझ्यापेक्षा जास्त बोलतात. उपासना झाली की याच वस्तूंचा मांडवात लिलाव होतो आणि जमा होईल ते मंडळीच्या कामाला जातं. लिलावात भाव बघायचा नसतो. दोन वांग्यांसाठी दोन भाऊ इरेला पेटतात आणि तिसऱ्या दिवशी बायको विचारते तेव्हा शुद्धीवर येतात. त्या वर्षीचा लिलाव पत्र्यांसाठी होता. जळगावहून आमचे एक वरिष्ठ साहेब पाहुणे म्हणून आले होते. पाटलांचा नातूही आला होता, दोन मित्रांना घेऊन.

लिलाव संपत आला होता आणि शेवटून दुसरं गाणं चालू होतं तेव्हा शीलानं मांडवाच्या मागच्या दारातून मला खूण केली. मागे बायका जेवणाच्या तयारीत होत्या. भज्यांची कढई चढलेली होती. शीलाचे हात पिठात, आणि तिच्याजवळ रंजना उभी.

रंजना एकोणीस-वीस वर्षांची. केळीच्या वखारीत फण्या धुवायचं काम करायची. लहानपणापासून तिला झटके यायचे. एकदा वखारीच्या हौदातच पडली होती, बायकांनी ओढून काढलं म्हणून वाचली. मग जळगावच्या डॉक्टरच्या गोळ्या सुरू झाल्या आणि झटके थांबले. चांगली दोनेक वर्षं थांबलेले होते. तिची आई, बायजा अक्का, तिला माझ्याकडे तेल लावायला घेऊन आली ती त्यानंतर, म्हणजे झटके थांबून बराच काळ लोटल्यावर.

"सांग साहेबांना," शीला म्हणाली.

रंजना पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "आईनं गोळ्या फेकून दिल्या, साहेब. पोळ्यापासून बंद आहेत. तेलानं बरी झाली म्हणते."

"मग?"

"काल चुलीपुढं बसले होते. हात एकदम उडाला. तवा खाली पडला. थोडा वेळ मला काही कळलंच नाही."

"आईला सांगितलंस?"

"आई आज साक्ष देणारे. तिनं ठेवणीतलं लुगडं काढलंय."

साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगणं. ज्या बाईला गावात कोणी पाच मिनिटं बोलू देत नाही, ती त्या दिवशी बोलते आणि सगळे ऐकतात. बायजा अक्कानं आयुष्यात कधी साक्ष दिली नव्हती.

"एक पट्टी मी लपवलीय," रंजना हळूच म्हणाली. "पण घेतली नाही. साहेब, गोळी घेतली तर प्रभूला वाईट वाटंल का? माझा विश्वास नाही असं होईल का?"

तेवढ्यात गाणं संपलं आणि नानांनी माझ्या नावानं हाक मारली. मी त्या पोरीला उत्तर न देताच आत गेलो. पाळकाला अशा वेळी घाई असते.

बायजा अक्का उभी राहिली. तिचं माहेर धुळ्याकडचं, मजुरीसाठी इकडे आलेली, त्यामुळे बोली तिकडची, अहिराणी, मुलीला अंडेर म्हणणारी. आधी आवाज फुटेना. मग फुटला तो थांबेना.

"मन्ही अंडेर बरी व्हयी गयी. साहेबना तेलवरी बरी व्हयी गयी. बठ्ठ्या गोया मी उकिरडावर टाकी दिन्यात. आते माले डाक्टर नको, काही नको. परभू शे, आनि आपला साहेब शे!"

मांडव टाळ्यांनी दणाणला. हल्लेलुया झालं. परभू शे आनि साहेब शे. आम्हा दोघांची नावं एका दमात, मध्ये फक्त एक 'आनि'. वरिष्ठ साहेबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे बघून कधी मान डोलावली नव्हती. मी खरं सांगतो, सुखानं माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याच वेळी मागच्या दाराशी उभी असलेली रंजना मला दिसत होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

बायजा अक्कानं पिशवीतून बाटली काढली. माझ्याकडून शुक्रवारी प्रार्थना करून नेलेली, अर्ध्याहून जास्त भरलेली. तीच तिनं अर्पण म्हणून आणली होती. सायमन नाना हे धंद्यातलं माणूस. त्यांनी बाटली उंच धरली.

"हीच ती बाटली! बोला!"

बोली लागली. केळीच्या सगळ्यात मोठ्या घडाला जे मिळालं होतं, त्याच्या पुढे ती बघता बघता गेली. मका पिकवणाऱ्यांनी बोली लावली, ज्यांच्या घरी कोणी आजारी नव्हतं त्यांनी लावली. पाटलांचा नातू दर वेळी सगळ्यांच्या वर जायचा. मला डोळ्यांसमोर नवे पत्रे दिसायला लागले. नुसते पत्रे नाही, वर पन्हाळीसुद्धा.

"थांबा, थांबा," नाना म्हणाले. "साहेब, तुम्ही वर या. बाटलीवर हात ठेवा. एक प्रार्थना होऊ द्या, मग शेवटची बोली."

वर म्हणजे केळीच्या एका उपड्या कॅरेटवर. लिलावाला सगळ्यांना दिसावं म्हणून नानांनी वखारीतून आणलं होतं. मी चढलो. बाटली हातात घेतली.

शास्त्रात एक प्रसंग आहे, तो बहुतेकांना ठाऊक असतो. सैतान प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेऊन उभं करतो आणि म्हणतो, उडी टाक, देवदूत झेलतील, सगळं गाव बघेल. त्या प्रसंगावर मी कितीतरी वेळा बोललो आहे, चांगला बोललो आहे, एकदा तर लोक रडले होते. पण सैतान आपल्यालाही असाच उंच नेईल असं मला वाटत आलं होतं. माझ्या बाबतीत त्याला प्लास्टिकचं एक कॅरेट पुरलं.

माझ्याकडे प्रार्थनेची सुंदर वाक्यं तयार असतात. या कामात ती होतातच, जशी शिंप्याच्या खिशात टेप असते. त्यांतलं एकही आलं नाही. डोळे मिटले तर रंजनाचा प्रश्न समोर. मी मनातल्या मनात एवढंच म्हटलं, "प्रभो, मला खाली उतरव. माझं मला उतरवत नाही." लोकांना वाटलं मी बाटलीला आशीर्वाद देतोय. मी माझ्या पायांसाठी प्रार्थना करत होतो.

उत्तर म्हणून वीज वगैरे काही चमकली नाही. एक पाय उतरला, मग दुसरा उतरला. जमिनीवर उभं राहिल्यावर आवाज आला तो माझा जुना होता, जरा चिरका.

मी म्हणालो, "हे तेल मी किराणा दुकानातून आणलेलं. शेंगदाण्याचं. रंजनाचे झटके डॉक्टरच्या गोळ्यांनी थांबले. गोळ्यासुद्धा देवाच्याच कृपेनं मिळतात. मी कोणाला गोळी बंद करायला सांगितलेलं नाही, सांगणार नाही. कोणी केली असेल तर आजच चालू करा. आणि हे तेल विकायचं नाही."

एवढं बोलून मी बाटली घेऊन सरळ मागे गेलो आणि शीलाला म्हटलं, "हे कढईत घाल."

तिनं माझ्याकडे बघितलं. फक्त म्हणाली, "झाकण काढून द्या, माझे हात पिठाचे आहेत."

कढईत तेल पडल्याचा आवाज मांडवात सगळ्यांनी ऐकला. सायमन नाना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, मंडळीचे पत्रे तुम्ही तळले."

लोक जेवले. भज्यांना नेहमीचीच चव होती. पाटलांच्या नातवानं दोनदा मागून घेतली. पण बायजा अक्का जेवायला थांबली नाही. ठेवणीतल्या लुगड्यानिशी तशीच चालत निघून गेली, आणि तिच्यामागे रंजना.

पुढचं आधी सांगून टाकतो. शुक्रवारची रांग महिनाभरात विरली. साहेबांची शक्ती गेली, असं गावात बोलू लागले. पाटलांच्या आजीचा निरोप आला की गुडघा पुन्हा धरलाय. पत्र्यांना आणखी एक पावसाळा काढावा लागला. वरिष्ठ साहेबांनी नंतर माझ्याकडे बघून मान डोलावल्याचं मला आठवत नाही. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्या रांगेत काही माणसं तेलासाठी येतच नव्हती. कोणीतरी डोक्यावर हात ठेवावा आणि दोन मिनिटं ऐकून घ्यावं, एवढ्यासाठी येत होती. बाटली हे त्यांचं निमित्त होतं. निमित्त गेलं, माणसंही गेली. त्यांना परत कसं बोलवायचं हे मला तेव्हा सुचलं नाही, आणि सुचेपर्यंत माझी बदली झाली.

आता त्या दुपारकडे येतो.

भांडी आवरायच्या आधी मी जळगावच्या डॉक्टरांना फोन लावला. सुटीचा दिवस, तरी उचलला. सगळं ऐकून ते आधी मला बोलले. बोलले म्हणजे चांगलेच बोलले, ते इथे लिहीत नाही. मग म्हणाले, पट्टी आहे ना, पूर्वी घ्यायची तेवढीच आजपासून चालू करा, उद्या सकाळी तिला माझ्यापुढे आणा, आणि तोपर्यंत चुलीपाशी आणि पाण्यापाशी एकटी सोडू नका. शेवटी म्हणाले, "पाळकसाहेब, तुमचं तेल तुम्ही लावा. त्याला माझी ना नाही. पण माझी गोळी मला देऊ द्या."

स्कूटरवर मी आणि शीला. शीलाच्या मांडीवर डबा. पायथ्याच्या पाड्यावर त्यांचं कुडाचं घर. रंजनाचा बाप केळीच्या गाडीबरोबर बाहेरगावी गेलेला. बायजा अक्का ओट्यावर बसली होती. आम्हाला बघून उठली नाही. शीलानं डबा पुढे केला, तो तिनं घेतला नाही.

"बस अक्का, बोलायचंय," मी म्हणालो. बसलेल्या बाईला बस म्हणालो.

"मी काय बोलू? गावनासमोर माले खोटी पाडी तुम्ही."

"खोटी नाही पाडली अक्का. तुला जे वाटलं ते तू सांगितलंस. चूक तेलाबद्दल होती."

"तेल तुमनं व्हतं." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आते सांगतस, तेलमा काही नही. तुमनाच इस्वास नही, साहेब. मन्हा व्हता."

पाळकाला हे ऐकवणारे बरेच भेटतात, पण त्यांतले बहुतेक रागानं बोलतात. ती रागानं बोलत नव्हती. तिनं जवळची एक वस्तू हरवल्यासारखं ते सांगितलं.

रंजना दारात येऊन उभी राहिली. "आई," ती म्हणाली, "काल माझा हात उडाला."

बायजा अक्कानं मागे वळून बघितलं.

"तवा पडला ना, तेव्हा. तुला म्हटलं घसरला. घसरला नव्हता."

अक्कानं पदर सावरला. ठेवणीतलं लुगडं अजून तिच्या अंगावरच होतं. मग तिनं मला विचारलं, अगदी हळू, "मंग तेल काब्र लावं तुम्ही?"

"तुझ्या पोरीला कळावं म्हणून, की ती एकटी नाही. कोणीतरी हात ठेवलाय. एवढंच काम त्याचं. तेवढ्यापुरतं ते खरं आहे."

"आनि गोया खाईसन बी झटका उना तर?"

माझ्या कामात सगळ्यात अवघड वाक्य कोणतं, असं कोणी विचारलं तर ते मातीच्या वेळचं नाही की लग्नातलं नाही. लोक तुमच्याकडे खात्री मागायला येतात आणि ती तुमच्याजवळ आहे असं दाखवणं फार सोपं असतं. त्या ओट्यावरही ते सोपं होतं. नाही येणार अक्का, मी सांगतो ना, असं खर्जात म्हटलं असतं तर ती उठली असती, डबा घेतला असता, माझ्या पाया पडली असती. दुपारी कढईत ओतलेलं सगळं मला परत मिळालं असतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

शीला म्हणते, इतक्या वर्षांत तिनं माझ्या तोंडून ऐकलेला सगळ्यात चांगला उपदेश तोच. तिच्या स्तुतीत नेहमी काहीतरी टोचतं.

रंजनाला मी तिच्या प्रश्नाचं उत्तर देणं लागत होतो. म्हटलं, "भाकरी खाताना प्रार्थना करतेस ना?"

"करते."

"भाकरी खाल्लीस म्हणून प्रभूला वाईट वाटतं?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"मग गोळीवरही तशीच कर."

तिनं कणगीत हात घालून तळातून पट्टी काढली. आईच्या देखत. अक्काच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी बघितलं नाही, मुद्दामच नाही बघितलं. मी घसा खाकरला, प्रार्थनेला सुरुवात करायला, कारण ते माझं काम. पण रंजना म्हणाली, "मी करते, साहेब." आणि उभ्या उभ्याच डोळे मिटले.

"प्रभू, ही गोळी कडू आहे. कडू राहू दे, पण उलटी नको. आईला लोक हसले असतील तर त्यांना विसरू दे. आई तुझ्यावर रागावलीय, तू तिच्यावर रागावू नको. साहेबांना जेवण मिळू दे, ते जेवले नाहीत. आमेन."

मी आमेन म्हटलं. शीलानं म्हटलं.

बायजा अक्का ओट्यावरून उठली, आत गेली. आम्हाला वाटलं, दार लावून घेणार. आतून माठावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला, मग ती पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन बाहेर आली, आणि पोरगी गोळी गिळेपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.